म्हातारा उठेपर्यंत

कोक-साय, ९ सप्टेंबर १९७५

आजोबा,

पत्रात आधी तब्येत विचारायची असते म्हणून विचारते. कसे आहात? गुडघे काय म्हणतात? त्यानंतर ‘आम्ही सगळे बरे आहोत’ असं लिहायची पद्धत आहे, पण यंदा तसं लिहिता येत नाही. बाबा गेले. जुलैत, गवतकापणीच्या दिवसांत.

ओळखलंत ना मला? चित्रपटातली तुमची नात. तेव्हा सात वर्षांची होते, आता पंधरा पूर्ण झाली. खरं नाव कानिशाय, सागिनची मुलगी. चित्रणासाठी घोडे घेऊन आले होते ते सागिन.

कसे गेले ते सगळेच विचारतात, त्यामुळे मला आता ते पाठ झालंय. मी दुपारचा चहा घेऊन कुरणात गेले. ते गाडीखाली सावलीत आडवे झाले होते, टोपी तोंडावर. मला वाटलं, डोळा लागलाय. कापणीचे लोक मोठमोठ्याने हसत होते, त्यांना मी दटावलं, ‘बाबा झोपलेत, हळू बोला.’ ते बिचारे हळू बोलायला लागले. मी शेजारी बसून माश्या वारत राहिले. चहा निवला. मग जाकीपकाकांनी येऊन टोपी उचलली.

अंगणात लोकरी तंबू उभारून त्यांना आत ठेवलं. आई, आत्या, मी, सगळ्या बायका दाराकडे पाठ करून बसलो. आई गाऊन रडली. उरूम आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिला तर मयताच्या घरी लांबलांबच्या गावांहून बोलावणं येतं, असं तिचं शोकगीत. तिने भावाच्या लहानपणापासून सगळं गाण्यात घेतलं. मग म्हणाली, ‘आता लेक.’ माझ्या तोंडून काही आलंच नाही. आत्याने मांडीला चिमटा काढला. दुखलं. पण पाणी आलं नाही. मागून एक बाई म्हणाली, आणि हळू नाही म्हणाली, ‘पडद्यावर परक्या म्हाताऱ्यासाठी नदी वाहवली, आणि जन्मदात्यासाठी कोरडा ओढा!’

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाही तेच झालं. आता पुढच्या उन्हाळ्यात वर्षाचं जेवण आहे. तेव्हा चार खोऱ्यांतून माणसं येतील. आत्या म्हणते, तोवर शीक, नाहीतर मी तुझ्या तोंडाला रुमाल लावून स्वतः तुझ्या आवाजात गाईन.

म्हणून विचारते. त्या दिवशी तुम्ही तिथेच होतात, माझ्यापुढे मरून पडला होतात. मला तेव्हा कसं रडवलं? मला काहीच आठवत नाही. तुमच्या दाढीला गोंदाचा वास येत होता, तेवढं आठवतं.

कानिशाय


फ्रुन्झे, २८ सप्टेंबर १९७५

कानिशाय पोरी,

सागिनच्या अंगावरची माती रेशमासारखी मऊ होवो. तुझ्या आईलाही माझं हेच सांग. माझी त्याची ओळख एका उन्हाळ्याची, पण न धमकावता घोडा जागेवर उभा करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आमचे दिग्दर्शक माणसांनाही तसं उभं करू शकत नव्हते.

आता रडण्याचं. बाळ, तू योग्य दुकानात आलीस! मी उभा जन्म रंगमंचावर रडण्यात आणि मरण्यात घालवलाय. कांदा हाताला चोळून तो हात डोळ्यांशी न्यायचा, हा सगळ्यात जुना उपाय. पण नाक लाल होतं आणि पहिल्या रांगेला वास जातो. कापूर बरा. आमचा एक नट पाठ वळवून नाकातला केस उपटायचा, आणि समोरच्या बायका रुमाल शोधायला लागायच्या. एकदा त्याला शिंकच आली आणि शिंकणाऱ्याला म्हणतात तसं राजपुत्राच्या प्रेताने ‘जिवंत राहा’ म्हटलं. प्रेत मीच होतो.

त्या दिवसाचं मात्र मला विचारू नकोस. मी मेलो होतो. मेलेल्याला काय कळतंय?

माझं उत्तम चाललंय. रोज संध्याकाळी थिएटर. अशी गर्दी की दाराशी रेटारेटी. या वयात प्रत्येक प्रेक्षकाचा चेहरा इतक्या जवळून पाहायला मिळणं हे भाग्यच. परवा एक बाई मला ओळखून म्हणाली, ‘अय्या, तुम्ही अजून आहात?’ मी म्हटलं, ‘बाई, तुमच्या परवानगीने.’

आणि हे बघ, पुन्हा काम करायची इच्छा असेल तर सरळ सांगावं, असं आडवळणाने कशाला? आपले दिग्दर्शक नवा चित्रपट करताहेत. त्यांना पंधरा-सोळा वर्षांची मुलगी हवी आहे. मी तुझं नाव त्यांच्या कानावर घातलंय.

तुझा चित्रपटातला आजोबा,
दोरोनबेक


कोक-साय, १६ नोव्हेंबर १९७५

आजोबा,

मला काम नको होतं. मी फक्त विचारलं होतं.

गेल्या आठवड्यात स्टुडिओची जीप आली. एक बाई आणि एक फोटो काढणारा. त्यांनी मला भिंतीपाशी उभं केलं, डावीकडे बघ म्हणाले, उजवीकडे बघ म्हणाले. चित्रपटात युद्धाच्या वेळची गोष्ट आहे, मुलीचा बाप आघाडीवर मरतो. ती बाई आईला म्हणाली, ‘तुमच्यावर आत्ताच हा प्रसंग आलाय, आम्हाला कल्पना आहे, म्हणूनच...’ आणि मग तिचं वाक्य तिलाच पुरं करता येईना. उरूम आत्या म्हणाली, वर्ष व्हायच्या आत मुलगी नाचगाण्याला जाणार नाही. बाई म्हणाली, नाचगाणं नाहीये हो, रडायचंच आहे. मग आई बोलली. आई हल्ली बोलत नाही, म्हणून सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, ‘जाऊ दे तिला. तिथे तरी रडेल.’

आईने हे टोचून म्हटलं की खरंच म्हटलं, ते मला कळलं नाही.

इथली हकीकत सांगायची तर, आपला चित्रपट गावच्या क्लबात दरवर्षीसारखा लागला. क्लबवाल्याने घरी येऊन विचारलं, यंदा नको का लावू? आई म्हणाली, लावा. मी गेले नाही. आमच्या घरापर्यंत आवाज येतो. मी पीठ मळत होते, तेव्हा मी रडत होते ते मला ऐकू आलं. फार वेळ रडत होते. कणीक तेवढ्यात मळून झाली.

दर गुरुवारी मी बोरसोक तळते, गेलेल्यांना तेलाचा वास पोचावा म्हणून. हे आईचं काम, पण ती चुलीपुढे बसते आणि तेल जळून जातं. म्हणून आता माझं. पिठाचे तुकडे फुगतात, मी काढते, शेजारी वाटते.

बाबांना ज्यांनी आंघोळ घातली त्यांना रीतीप्रमाणे बाबांचे कपडे वाटले. लांब कोट जाकीपकाकांना मिळाला. काल टपालघरापुढे बाबा पाठमोरे उभे होते. मी चालत गेले, आणि मला पहिल्यापासून ठाऊक होतं की काका आहेत, तरी मी तशीच चालत गेले. ते वळले. त्यांनाच रडू आलं. मी म्हटलं, ‘काका, मागचा पट्टा उसवलाय, द्या, शिवून देते.’

मी जाऊ का? तुम्ही सांगा. इथे जो तो मला दुसऱ्याच कारणासाठी सांगतो.

कानिशाय


फ्रुन्झे, ८ डिसेंबर १९७५

कानिशाय पोरी,

माझं चुकलं. म्हाताऱ्याला वाटतं की सगळं जग रंगमंचावर चढायला टपलंय. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि माझ्या मुलीलाही वाचून दाखवलं. जिपार तिचं नाव, दातांची डॉक्टर आहे. तिने तुझं ते कोट शिवण्याचं ऐकलं आणि म्हणाली, ‘या मुलीला कोणी त्रास देऊ नका.’ ती फार बोलणारी नाही. तिच्या खुर्चीत बसलेल्यांनाही बोलता येत नाही, त्यामुळे तिचं छान चालतं.

जा असं मी म्हणतो. रडायला म्हणून नको. घराबाहेर दहा दिवस दुसऱ्याच्या हातचं खाशील, बरं वाटेल. आणि रडू नाही आलं तर कॅमेऱ्याकडे पाठ कर. लोकांना पाठ दिसली की ती रडतेच आहे असं वाटतं. हे गुपित मी कुणाला सांगत नाही.

चित्रण तलावाच्या उत्तर काठावर आहे ना? मी येतो तिथे. थिएटरातून दोन दिवस सुट्टी काढतो. मी नाही तर प्रयोग अडेल म्हणून कुरकुर करतील, पण काढतो. सुकी जर्दाळू आणेन.

दोरोनबेक


कोक-साय, २१ मार्च १९७६

आजोबा,

तुम्ही आला नाहीत. प्रयोग असतील. मी वाट पाहिली असं नाही, पण बस आली की बघायची.

मी रडले.

त्यांनी सांगितलं, टपालवाला काळा कागद, म्हणजे आघाडीवरच्या मरणाची खबर, घेऊन येईल, तू उघडशील, वाचशील आणि रडशील. टपालवाला आला. मी कागद उघडला. आत काहीच लिहिलं नव्हतं, कोरा होता. मला रडू आलं. लगेच आलं, दिग्दर्शकांना थांबावंसुद्धा लागलं नाही. ते म्हणाले, पुन्हा. पुन्हा आलं. मध्ये दिव्यांचं काहीतरी बिघडलं, तेवढ्यात एका बाईने सफरचंद दिलं, ते मी खाल्लं. मग पुन्हा रडले, तेव्हा सालीचा तुकडा दातात अडकलेला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कपडेपट सांभाळणारी बाई मला जवळ घेऊन म्हणाली, ‘मोकळं झालं ना, बाळा?’ मी हो म्हटलं. ती चांगली होती.

मोकळं काही झालं नाही. तुम्ही गाय पाहिली असेल. वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करतात, आणि ती चाटत चाटत दूध सोडते. तसं आहे ते. दूध खरं असतं.

मी घरी यायच्या आधी बातमी आली होती. उरूम आत्या आमच्याकडेच बसली होती. मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. तिने सगळ्यांना चहा ओतला, अर्धा अर्धा पेला, माणसाला बसवून घ्यायचं असलं की ओततात तसा. माझा पेला काठोकाठ भरला. पाहुण्याला भरला पेला दिला म्हणजे ‘आता निघा’, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्याच घरात, आजोबा. मी तो पेला न सांडता प्यायले आणि उठून गुरांकडे गेले.

आईने विचारलं, ‘रडलीस?’ मी हो म्हटलं. तिने मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

कानिशाय


फ्रुन्झे, १९ एप्रिल १९७६

आयम,

बघ, काय लिहिलं मी! आयम हे चित्रपटातलं नाव. कानिशाय. खोडत नाही, शाई पसरते.

मला येता आलं नाही, त्याचं कारण राहू दे. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी एक गोष्ट लिहायला घेतोय आणि ठेवून देतोय. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं होतं की मेलेल्याला काय कळतंय. खोटं आहे. मेलेल्याला सगळं ऐकू येतं. डोळे मिटून, तोंडावर माश्या सोसत, अंगावर घोंगडं घेऊन पडलेल्या नटाइतकं लक्ष देऊन जगात कुणी ऐकत नाही.

त्या सकाळी तू रडत नव्हतीस. तू हसत होतीस. माझ्या नाकपुडीत गवताची काडी घालून बघितलीस. सूर्य चढत होता, दिग्दर्शकांचा जीव वरखाली होत होता. शेवटी ते म्हणाले, ‘पोरीला सांगा, तुझी आई दवाखान्यात आहे, वाचेल की नाही माहीत नाही.’ ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती, मुलांवर चालते. तेवढ्यात तुझा बाप लगाम सोडून पुढे आला. आवाज नाही चढवला. म्हणाला, ‘तिला खोटं सांगायचं नाही. मी बोलतो.’

तो तुझ्याजवळ उकिडवा बसला. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. आणि म्हणाला, ‘कानी, या आजोबांना खाली दगड टोचताहेत. त्यांना उठायचंय. पण तू रडल्याशिवाय त्यांना उठू देणार नाहीत. तू रडलीस की ते उठतील.’

पोरी, हे काही खोटं नव्हतं. दगड खरोखर टोचत होते.

तू जरा विचार केलास, आणि रडायला लागलीस. आणि मी उठलो नाही. कॅमेरा चालू होता ना. मग तू आणखी रडलीस. मी तरी उठेना. मग तू माझ्या छातीवर मुठी मारल्यास, ‘उठा ना, उठा ना!’ ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, ते तुझं होतं, आणि तेच सगळ्या देशाने पाहिलं. शेवटी ‘बस’ ऐकू आलं आणि मी उठून बसलो. तू डोळे पुसलेस, माझ्याकडे रागाने बघितलंस आणि म्हणालीस, ‘एवढा वेळ का लावलात?’

सगळे पोट धरून हसले. तुझा बाप हसला नाही. तो घोड्यांकडे गेला.

हे तुला सांगावं की नाही ते मला कळत नव्हतं. अजून कळलेलं नाही. पण तो तुझा बाप होता, त्याचं बोलणं तुझं आहे. ते मी स्वतःपाशी ठेवून घेतलं तर पुढे कुठे ठेवणार? माझ्या डोक्यात हल्ली काही राहत नाही.

बाहेर सफरचंदं फुलली आहेत. सागिनला सलाम सांग.

दोरोनबेक


कोक-साय, १४ मे १९७६

आजोबा,

पत्र पोचलं. शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली नाही. तुम्ही घाईत लिहिली असेल.

काय लिहावं ते कळत नाही म्हणून उशीर झाला. कोकरांचे दिवस होते. आमच्या सात मेंढ्यांना जुळी झाली. मी रोज पहाटे गोठ्यात असते. बाबा कोकरू कसं ओढून काढायचे ते मी पाहिलं होतं, आता मला येतं.

त्या जुलैत तंबूत मी बाबांच्या पायांकडे बघत बसले होते. चादरीखाली बोटं वर आलेली दिसत होती. सगळ्या बायका रडत होत्या आणि बोटं तशीच होती. मी रडले असते तरी ती तशीच राहिली असती. बहुतेक मला ते करून बघायचं नव्हतं.

एवढंच. तुम्ही औषध घेता ना?

कानिशाय


फ्रुन्झे, १७ जून १९७६

कानिशाय,

मी जिपार, दोरोनबेक यांची मुलगी. तुला बातमी पत्राने द्यावी लागते आहे. आपल्यात अशी बातमी देताना आधी मोठी माणसं येऊन बसतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग सांगतात. मला ते जमत नाही. बाबा २ जूनला गेले. दुपारी, खिडकीशी. दुखलं खुपलं काही नाही.

तुला वाटत असेल की ते शेवटपर्यंत रंगमंचावर होते. त्यांनी तुला तसंच लिहिलं असणार, ते सगळ्यांनाच तसं सांगायचे. संवाद आठवेनासे झाले म्हणून दोन वर्षांपूर्वीच त्यांचं काम थांबलं होतं. पण घरी बसवेना. मग थिएटरने त्यांना दाराशी प्रेक्षकांचे कोट सांभाळायला ठेवलं. ते प्रत्येक कोट असा घ्यायचे की जणू राजाचा झगा. लोक खूश असायचे. कोटांचे नंबरी बिल्ले मात्र चुकायचे, आणि हिवाळ्यात दोनदा माणसं दुसऱ्याचेच कोट घालून घरी गेली. तुझ्या चित्रणाला यायचं म्हणून ते निघाले होते, कळलं का? बसस्थानकावर जाऊन बसले आणि कुठे जायचंय ते विसरले. हातात जर्दाळूची पिशवी होती. मी संध्याकाळी जाऊन घेऊन आले. तुला सांगू नकोस असं मला बजावलं होतं.

दफनानंतरच्या आठवड्यात टीव्हीवर तुमचा चित्रपट दाखवला, त्यांच्या आठवणीसाठी. आमच्या मजल्यावरचे सगळे शेजारी आमच्याच खोलीत जमले. मला शोकगीत येत नाही. शहरात वाढले, मला कुणी शिकवलं नाही. माझी आई असती तर तिने गायलं असतं. त्यामुळे इतके दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने रडलंच नव्हतं. तू त्यांच्या छातीवर मुठी मारायला लागलीस तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायका रडल्या. या घरात मोठ्याने रडणारी पहिली तू.

मी रडले नाही. मी त्यांचं पोट बघत होते. तुझ्या लक्षात आलंय का, त्या प्रसंगात त्यांचं पोट हलतं? घोंगडं वरखाली होतं. आमच्या घरातली ती जुनी थट्टा. ‘बाबा, मेलात तरी पोट आवरलं नाही.’ त्या संध्याकाळी मी फक्त तेवढंच बघितलं. श्वास घेत होते. मग चित्र बदललं आणि डोंगर आले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले आणि आठ दात काढले. सगळे म्हणाले, डॉक्टरीणबाई खंबीर आहेत. हे तुला का लिहिते आहे ते तुला कळेल, दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

जिपार


कोक-साय, ३ ऑगस्ट १९७६

जिपारमावशी,

आजोबांच्या अंगावरची माती रेशमासारखी मऊ होवो. उशीर झाला, रागावू नका. तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते उभ्याने वाचलं आणि मग मला बसायला जागा सापडेना. खोली तीच होती. घरात बिछाने होते, स्टूल होतं. शेवटी उंबऱ्यावर बसले.

पोटाचं मला माहीत होतं. मी त्यावर डोकं ठेवलं होतं. आत गुडगुड होत होती.

गेल्या रविवारी बाबांचं वर्षाचं जेवण झालं. ते कसं झालं ते मला कुणालातरी सांगायचंय, आणि आजोबांना सांगितलं असतं, म्हणून तुम्हाला सांगते.

माणसं फार आली. घोड्यांच्या शर्यती झाल्या, जाकीपकाकांचा मुलगा दुसरा आला. मी पहाटेपासून कढईपाशी होते. उरूम आत्याने मला काही म्हटलं नाही. तिने ठरवलंच होतं की माझ्या वाटचं तीच गाणार. दुपारी आईचे काळे कपडे उतरवून तिला पांढरा रुमाल बांधायचा होता. वर्ष झालं की विधवेला जाणत्या बायका पांढरं नेसवतात, मग ती पाहुण्यांपुढे येते. आत्याने मला तंबूत पाठवलं, ‘जा, आईचे केस विंचर. तेवढं तरी करशील?’

तंबूत आम्ही दोघीच होतो. बायका बाहेर कपडे घेऊन बोलवायची वाट बघत उभ्या होत्या. मी काळा रुमाल सोडला. वर्षभर मी आईचे केस नीट पाहिले नव्हते. मला वाटलं होतं पांढरे झाले असतील. अजिबात नव्हते. आई सदतीस वर्षांची आहे, हे मला तेव्हा आठवलं. मी गुंता सोडवला, वेणी घातली, वर नवा पांढरा रुमाल कसा बांधतात ते एकदा बांधून बघितलं. आई समोर बघत होती. मग हळूच म्हणाली, ‘कानी, एक सांगू? कुणाला बोलायचं नाही.’

मी म्हटलं, ‘नाही बोलणार.’

‘तुझे बाबा फार घोरायचे.’

मी रुमालाचं टोक सारखं केलं.

‘म्हणजे काय घोरणं ते! घोडा घसरला खडीवरून की कसा आवाज होतो, तसं. सोळा वर्षं मी अर्ध्या झोपेत काढली. आणि हे वर्षभर...’ तिने दाराकडे बघितलं. ‘हे वर्षभर मी इतकी छान झोपतेय, कानी. लोक म्हणतात, बिचारी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. अगं, मी झोपलेली असते!’

तिने पटकन तोंडावर हात ठेवला. मला आधी कळेना की तिला काय होतंय. मग तिच्या नाकातून आवाज आला. मावशी, ती हसत होती. मी तिला थांबवायला गेले आणि मलाच फुटलं. आम्ही आवाज दाबला तेवढा तो आणखी वाढला. मी म्हटलं, ‘आई, गप, बाहेर माणसं आहेत,’ आणि ती म्हणाली, ‘एकदा तर त्यांच्या घोरण्याने कुत्रं भुंकायला लागलं,’ आणि मग काही खरं राहिलं नाही.

बाहेर उरूम आत्याने ते ऐकलं. तिला वाटलं, सुरू झालं शेवटी. तिने तिथूनच हंबरडा फोडला, ‘आली गं, लेकीला वाचा आली!’ आणि सगळ्या बायका आत शिरल्या, आमच्याभोवती दाराकडे पाठ करून बसल्या आणि आत्याने गायला सुरुवात केली. आईने माझी मान धरून माझं तोंड तिच्या खांद्यात दाबलं आणि स्वतःचं माझ्या खांद्यात, कुणाला दिसू नये म्हणून. आम्ही गदगदा हलत होतो. आत्या बाबांच्या पहिल्या शिंगरापासून गात होती. कोणीतरी पाठीवर हात फिरवून म्हणत होतं, ‘रडू दे, रडू दे तिला, अडवू नका.’ मी सोडून दिलं. आईचा हात माझ्या मानेवर फार घट्ट होता. मी तिला विचारायचं म्हणत होते की तुझं काय चाललंय, हसतेस अजून की नाही, पण मला तोंड उघडता येईना, आणि माझंच काय चाललंय ते मला सांगता आलं नसतं.

आत्याचं गाणं संपलं. बायका उठल्या, ‘चला, आता पांढरं घालून बाहेर आणा तिला, पाहुणे थांबलेत.’ आईने डोकं वर केलं. तिचा पांढरा रुमाल माझ्या बाजूने खांद्यापर्यंत चिंब ओला झाला होता, आणि तिचं तोंड असं सुजलं होतं की ओळखू येईना. आत्या म्हणाली, असा ओला रुमाल घालून वर्षाच्या दिवशी बाहेर यायचं नाही, अपशकुन होतो. तिने तो स्वतः नेऊन तंबूच्या दोरीवर उन्हात घातला. आई काही मोकळ्या डोक्याने पाहुण्यांपुढे जाऊ शकत नव्हती. म्हणून तो वाळेपर्यंत आम्ही दोघी आतच बसून राहिलो. बाहेर माणसं जेवत होती. आईला भूक लागली होती. मी तंबूच्या कडेखालून हात बाहेर काढला आणि कुणीतरी हातावर मांसाचा तुकडा ठेवला, तो आम्ही वाटून खाल्ला.

कानिशाय